रात्री सर्व्हिस पडते आणि सकाळी पुरावा काहीच नाही? लिनक्स सर्व्हरवर कोअर डंप असा पकडायचा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या वजनकाट्यानं गेल्या पावसाळ्यात माझी झोप घालवली होती. काटा म्हणजे ट्रकचा, आणि तो काटा तसा नीटच होता, पण त्याच्यामागं एक लिनक्स सर्व्हर आहे, त्यावर सी प्लस प्लसमधली एक छोटी सर्व्हिस चालते, ती इंडिकेटरकडून सिरियल पोर्टवर वजन घेते आणि डेटाबेसात टाकते, तर ती सर्व्हिस रात्री कधीतरी पडायची. पडली की सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) लगेच उठवायचा, त्यामुळे सकाळी जाऊन बघावं तर सगळं हिरवंगार, फक्त मधल्या दोन-तीन गाड्यांच्या पावत्या गायब. काट्यावरच्या मामांचं दर वेळी एकच, "रात्री परत बंद पडलंतं बघा, मी काय हात लावला नाही." लॉग उघडला तर शेवटची ओळ अर्धवट आणि पुढं एकदम नवीन सुरुवात.

असल्या केसमध्ये लॉग वाढवून फार उपयोग होत नाही, मी आठवडाभर तेच करत बसलो होतो. प्रोग्रॅम मरताना त्याच्या मेमरीत काय होतं, कुठल्या ओळीवर होता, कुठलं व्हेरिएबल बिघडलेलं, हे सगळं जसंच्या तसं डिस्कवर उतरवून घ्यायची सोय लिनक्समध्ये आहेच. त्यालाच कोअर डंप म्हणतात. अडचण एवढीच की बऱ्याच सर्व्हरवर ही सोय बंद असते किंवा अर्धवट चालू असते, आणि ते तुम्हाला क्रॅश झाल्यावरच कळतं.

फाउंड्रीच्या मालकांना मी म्हटलं, "कोअर डंप घ्यायला लागेल," तर ते म्हणाले कोअर शॉप मागच्या शेडात आहे, तिथल्या सुपरवायझरला विचारा. कोल्हापुरात कोअर म्हटलं की आधी वाळूचा कोअरच डोळ्यापुढं येतो, कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवतात तो. कॉम्प्युटरवाला कोअर वेगळा. जुन्या मशिनींची मेमरी फेराइटच्या बारीक बारीक रिंगांची असायची, त्या रिंगांना कोअर म्हणायचे, त्या मेमरीतला माल बाहेर ओतला की कोअर डंप. रिंगा गेल्या, नाव राहिलं.

सुरुवातीलाच एक सांगतो, कमांड मी इथे फोनवर सांगतो तशा लिहिल्यात, कारण काट्यावर रात्री जो कोण असेल त्याला मी असंच सांगत असतो. टाइप करताना इंग्रजी अक्षरांत टाइप करा, जिथं कॅपिटल लागतं तिथं तसं लिहिलंय. आणि जवळपास सगळ्यांच्या आधी सुडो लागेल, म्हणजे कमांड रूटच्या, सगळे अधिकार असलेल्या युजरच्या, हक्कानं चालते, ते दर वेळी लिहीत नाही.

आधी बघा, मेलं कशानं

सगळ्यात पहिलं हे करा, नाहीतर जे कोअर कधी येणारच नाही त्याची वाट बघत बसाल.

सिस्टिमसीटीएल स्टेटस काटा

काटा हे आमच्या सर्व्हिसचं नाव, तिथं तुमच्या सर्व्हिसचं लिहा. त्यात मेन पीआयडीच्या (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर) ओळीत कोड आणि स्टेटस दिसतं. सर्व्हिस परत उठलेली असेल तर तिथं नव्याचीच माहिती दिसेल, मग जर्नलसीटीएल -यू काटा करून जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या लॉगमध्ये, मागं जा. तिथं कोड=डम्प्ड असेल तर कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, कोअर काढलाय, तो कुठं गेला एवढंच शोधायचं. कोड=किल्ड आणि सिग्नल सेग्व्ह असेल तर क्रॅश झाला पण कोअर निघाला नाही. हा एका शब्दाचा फरक मला कितीतरी दिवस माहीतच नव्हता. शेलमधून चालवलेला प्रोग्रॅम असेल तर एक्झिट कोड बघा, १२८ मध्ये सिग्नलचा नंबर मिळवलेला असतो. १३९ म्हणजे ११ नंबरचा सेग्व्ह, मेमरीत नको तिथं हात घातला. १३४ म्हणजे ६ नंबरचा अबॉर्ट, प्रोग्रॅमनं स्वतःच हात टेकले, असर्ट फेल झाला किंवा सी प्लस प्लसचं एक्सेप्शन कुणी पकडलंच नाही.

१३७ दिसला तर मात्र इथंच थांबा. तो ९ नंबरचा किल, त्याचा कोअर कधीच निघत नाही, तुम्ही काहीही सेटिंग करा. बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून कर्नलच्या ओओएम किलरनं उडवलेला असतो, डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड, टाइप करताना डी-एम-ई-एस-जी) काढून "आउट ऑफ मेमरी" शोधा, मिळेल. तो विषयच वेगळा, त्याला हा लेख नाही. तसंच अख्खा सर्व्हरच गोठत असेल किंवा आपोआप रीबूट होत असेल तर ते कर्नलचं दुखणं, त्याला केडंप लावतात, त्याचाही इथं संबंध नाही.

डीमेसेजमध्ये अजून एक चीज मिळते. सेगफॉल्टची एक ओळ, त्यात ॲड्रेस, इन्स्ट्रक्शन पॉइंटर, एरर नंबर आणि कुठल्या लायब्ररीत घडलं ते. एरर ४ म्हणजे नसलेली जागा वाचायला गेला, ६ म्हणजे नसलेल्या जागेवर लिहायला गेला. ॲड्रेस शून्य किंवा शून्याच्या आसपास असेल तर नल पॉइंटर, त्यात फार डोकं लावू नका. आमच्या केसमध्ये ६ होता, म्हणजे कुठंतरी लिहिताना बाहेर गेलेला. कोअर नसताना हातात एवढंच असतं, पण तेही टाकाऊ नाही.

कर्नल कोअर कुठं टाकतोय

कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न

या एका फाइलवर सगळं ठरतं. आत तीनपैकी एक प्रकार दिसेल. नुसतं "कोअर" असेल तर प्रोसेस ज्या डिरेक्टरीत उभी आहे तिथंच फाइल पडणार, आणि सर्व्हिस बहुतेक रूट डिरेक्टरीत (नुसता /, सगळ्यात वरची) उभी असते जिथं साध्या युजरला लिहायची परवानगी नसते, म्हणजे फाइल पडतच नाही आणि कुणी तक्रारही करत नाही. दुसरा प्रकार म्हणजे पूर्ण पाथ, ठरलेल्या फोल्डरात पडतो. तिसरा प्रकार, सुरुवातीला उभी रेघ म्हणजे पाइप, मग कर्नल तो कोअर एखाद्या प्रोग्रॅमच्या तोंडात ओततो. आजकालच्या रेड हॅट घराण्यात तिथं सिस्टिमडी-कोअरडंप असतो, उबंटूवर बऱ्याचदा ॲपोर्ट.

ॲपोर्टबद्दल माझं मत काही फार चांगलं नाही. डेस्कटॉपवर ठीक आहे, उबंटूला रिपोर्ट पाठवायला बनवलंय, पण तुम्ही स्वतः बिल्ड करून टाकलेली बायनरी, म्हणजे कंपाइल झालेली प्रोग्रॅमची फाइल, कुठल्या पॅकेजची नसते, मग तो व्हार लॉगमधल्या आपल्या फाइलीत "हे पॅकेजचं नाही, सोडून देतो" असं लिहून मोकळा होतो. आणि ॲपोर्टची सर्व्हिस चालू होताना तो कोअर_पॅटर्न स्वतःचा लिहून टाकतो, त्यामुळे तुम्ही आपलं सेटिंग केलं, रीबूट झालं की गेलं. मी दोनदा फसलोय यात.

माझी पसंती: सिस्टिमडी-कोअरडंप

डेबियन किंवा उबंटूवर:

एपीटी इन्स्टॉल सिस्टिमडी-कोअरडंप

झालं की परत कोअर_पॅटर्न कॅट करून बघा, ॲपोर्टची जागा यानं घेतली का. घेतली नसेल तर ॲपोर्टची सर्व्हिस डिसेबल करून बंद करा आणि सिससीटीएल --सिस्टिम चालवा. याचा फायदा काय, तर कोअर कॉम्प्रेस होऊन /व्हार/लिब/सिस्टिमडी/कोअरडंप मध्ये जातो, सोबत जर्नलमध्ये वेळ, पीआयडी, सिग्नल, कमांड लाइन आणि बऱ्याचदा स्टॅक ट्रेससुद्धा लिहिला जातो, आणि डिस्क किती भरू द्यायची त्यावर लगाम असतो. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, पुढं सांगतो.

कॉन्फिगची फाइल /ईटीसी/सिस्टिमडी/कोअरडंप.कॉन्फ. माझ्या फाइलीत हे असतं:

[कोअरडंप]
स्टोरेज=एक्स्टर्नल
कॉम्प्रेस=येस
प्रोसेससाइझमॅक्स=८जी
एक्स्टर्नलसाइझमॅक्स=८जी
मॅक्सयूज=२०जी
कीपफ्री=१०जी

बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, जोडशब्दात दोन्ही-तिन्ही शब्दांचं, कंसातल्या कोअरडंपला मात्र फक्त सी कॅपिटल. उजवीकडं सगळं स्मॉल, फक्त आकड्यापुढचा जी कॅपिटल. साइझच्या दोन ओळी का, तर जुन्या व्हर्जनांत त्यांची हद्द २ जीबी होती, नव्यात ६४ बिट मशिनवर ३२ जीबी. सहा जीबी मेमरी खाणारा प्रोग्रॅम जुन्या सर्व्हरवर पडला की कोअर अर्ध्यात कापला जातो आणि कापलेल्या कोअरमधून नेमकं जे पाहिजे तेच मिळत नाही. मॅक्सयूज म्हणजे सगळे कोअर मिळून किती जागा खाऊ दे, आणि कीपफ्री म्हणजे डिस्कवर एवढी जागा काही झालं तरी मोकळी राहू दे. हे दोन्ही न लिहिता सोडलं तर अनुक्रमे डिस्कच्या १० आणि १५ टक्के धरतं. फाइल बदलल्यावर काही रीस्टार्ट करायला नको, हा प्रोग्रॅम प्रत्येक क्रॅशला नव्यानं उठतो आणि तेव्हाच फाइल वाचतो.

आता एक खड्डा आहे, मी त्यात पडलोय म्हणून सांगतो. जुन्या कोअर फाइली सिस्टिमडीची टेम्पफाइल्सवाली साफसफाई आपोआप उडवते, आणि कित्येक व्हर्जनांत ही मुदत फक्त ३ दिवस आहे. आमच्या त्या फाउंड्रीला सोमवारी सुट्टी असते, सर्व्हिस शुक्रवारी रात्री पडलेली, मी मंगळवारी दुपारी निवांत जाऊन बघतोय तर यादीत नोंद आहे आणि कोअरफाइलच्या रकान्यात "मिसिंग". म्हणून /ईटीसी/टेम्पफाइल्स.डी मध्ये कोअरडंप.कॉन्फ नावाची फाइल करा (टेम्प म्हणजे टी-एम-पी, ई नाही), आत एकच ओळ:

डी /व्हार/लिब/सिस्टिमडी/कोअरडंप ०७५५ रूट रूट २१डी

फाइलीचं नाव असंच काहीतरी ठेवा जे एबीसीडीच्या क्रमानं सिस्टिमडी.कॉन्फच्या आधी येतं, एकाच पाथसाठी दोन ओळी असल्या की नावानं आधी येणारी फाइल जिंकते.

लिमिट, जिथं निम्मे लोक अडकतात

कर्नलला पाथ सांगितला तरी प्रत्येक प्रोसेसला स्वतःचं कोअरचं लिमिट असतं आणि ते शून्य असलं की विषय संपला. शेलमध्ये

युलिमिट -सी

मारा, शून्य आलं म्हणजे बंद. युलिमिट -सी अनलिमिटेड केलं की त्या शेलपुरतं आणि त्यातून चालवलेल्या प्रोग्रॅमपुरतं चालू. कायमचं करायला /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ मध्ये ओळ टाका असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि ते खरंही आहे, पण ती फाइल फक्त लॉगिन होणाऱ्यांना लागू होते. सिस्टिमडीनं उठवलेल्या सर्व्हिसला ती फाइल दिसतसुद्धा नाही. मी लॉगिन करून हातानं सर्व्हिस चालवायचो तेव्हा कोअर मस्त पडायचा, आणि रात्री खरी सर्व्हिस पडली की काही नाही, दोन दिवस डोकं खाजवत होतो.

सर्व्हिसला असं करायचं:

सिस्टिमसीटीएल एडिट काटा.सर्व्हिस

एडिटर उघडेल, त्यात

[सर्व्हिस]
लिमिटकोअर=इन्फिनिटी

लिमिटमधला एल कॅपिटल आणि कोअरची चारही अक्षरं कॅपिटल, आणि सर्व्हिस या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. सेव्ह करून सर्व्हिस रीस्टार्ट करा. मग विश्वास ठेवू नका, बघा:

ग्रेप कोअर /प्रॉक/पीआयडी/लिमिट्स

पीआयडीच्या जागी चालू सर्व्हिसचा नंबर, कोअर सगळं स्मॉल. मॅक्स कोअर फाइल साइझ समोर दोन्ही रकान्यांत अनलिमिटेड दिसायला पाहिजे. कॉन्फिग फाइल काय म्हणते याला काही अर्थ नाही, जी प्रोसेस आत्ता चालू आहे ती काय म्हणते ते खरं.

साधी फाइल पद्धत, जुन्या सर्व्हरसाठी

उद्यमनगरात अजून असे सर्व्हर आहेत ज्यांना पॅकेज टाकायला इंटरनेटच नाही, पेन ड्राइव्हवर सगळं चालतं. तिथं साधा पाथ द्या. आधी फोल्डर:

एमकेडीआयआर -एम १७३३ /व्हार/कोअर्स

१७३३ का, तर कुठल्याही युजरची सर्व्हिस त्यात फाइल बनवू शकते पण आत कुणाकुणाच्या फाइली आहेत ते बघू शकत नाही. मग /ईटीसी/सिससीटीएल.डी मध्ये ६०-कोअर.कॉन्फ नावाची फाइल, आत:

कर्नल.कोअर_पॅटर्न=/व्हार/कोअर्स/कोअर.%ई.%पी.%टी

आणि सिससीटीएल --सिस्टिम. %ई म्हणजे प्रोग्रॅमचं नाव, %पी पीआयडी, %टी वेळ, पण १९७० पासूनच्या सेकंदांत. तिन्ही स्मॉल. %ई मध्ये १५ अक्षरांपर्यंतच नाव येतं आणि प्रोग्रॅमनं थ्रेडला वेगळं नाव दिलं असेल तर तेच येतं, त्यामुळे "वर्कर-३" नावाचा कोअर दिसला तर दचकू नका.

या पद्धतीत एक गोम आहे. कोअर फाइल त्या प्रोसेसच्या नजरेतून लिहिली जाते. म्हणजे सर्व्हिसच्या युनिटमध्ये (सिस्टिमडीची त्या सर्व्हिसची कॉन्फिग फाइल, तिथल्या जोडशब्दांतही प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल) प्रोटेक्टसिस्टिम=स्ट्रिक्ट असेल तर तिच्यासाठी व्हार फक्त वाचायला, मग कोअर पडत नाही, रीडराइटपाथ्स मध्ये फोल्डर द्यावा लागतो. प्रायव्हेटटेम्प चालू असेल आणि तुम्ही पाथ टेम्पचा दिला असेल तर तो तिच्या खाजगी टेम्पमध्ये पडतो आणि तुम्ही बाहेरच्या टेम्पमध्ये शोधत बसता. पाइपवाल्या पद्धतीत ही भानगड नाही, तो प्रोग्रॅम बाहेर, रूट म्हणून चालतो. म्हणूनच मी जमेल तिथं सिस्टिमडी-कोअरडंपच लावतो.

डॉकरवाल्यांनो, तुमच्यासाठी एवढंच की कोअर_पॅटर्न कंटेनरचा वेगळा नसतो, सगळ्या मशिनचा एकच. तुम्ही कंटेनरच्या आत बसून तो बदलू शकत नाही, होस्टवरच बदलायचा. पाथ दिला तर फाइल कंटेनरच्या आत पडते, आणि कंटेनर काढून टाकला की तीही गेली, व्हॉल्यूम जोडा. लिमिटसाठी डॉकर रन करताना --युलिमिट कोअर=-१.

युजर बदलणारे प्रोग्रॅम

जो प्रोग्रॅम रूट म्हणून उठतो आणि मग स्वतःहून साध्या युजरवर उतरतो, किंवा ज्याच्या फाइलीला सेट-युआयडी (कुणीही चालवला तरी फाइलीच्या मालकाच्या हक्कानं चालतो) किंवा केपेबिलिटी (रूटच्या हक्कांतला एखादा तुकडा) दिलेली आहे, त्याचा कोअर कर्नल डीफॉल्टनं काढतच नाही, कारण त्याच्या मेमरीत रूटच्या काळातली गुपितं असू शकतात. हे एफएस.एसयुआयडी_डम्पेबल वर ठरतं. ० म्हणजे नाही, १ म्हणजे सगळ्यांचा काढ, आणि २ म्हणजे काढ पण फक्त रूटला वाचता येईल असा. १ कधीच करू नका. २ साठी पाथ पूर्ण असायला लागतो किंवा पाइप. सिस्टिमडी-कोअरडंप टाकलं की ते २ करून देतं. पण २०२५ च्या मे महिन्यात क्वालिस या सिक्युरिटी कंपनीनं ॲपोर्ट आणि सिस्टिमडी-कोअरडंप दोन्हीतली भोकं जाहीर केली, सेट-युआयडी प्रोग्रॅम पाडून त्याच्या कोअरमधून पासवर्डचे हॅश काढता येत होते. त्यामुळे पॅकेज अपडेट आहे ना बघा, आणि अपडेट करणं शक्य नसेल तर हा आकडा ० ठेवा. आपल्या सर्व्हिसला युनिटमधूनच युजर=काटा असं दिलेलं असेल तर हा प्रश्न येत नाही, ती आधी युजर बदलून मग सुरू होते.

पाडून बघा

खरा क्रॅश येईपर्यंत थांबू नका. आधी शेलमध्ये:

स्लीप १००० आणि शेवटी अँडचं चिन्ह
किल -सेग्व्ह %१

इथं सेग्व्ह चार कॅपिटल अक्षरांत, एस-ई-जी-व्ही. मग कोअरडंपसीटीएल लिस्ट मारा, शेवटच्या ओळीत स्लीप दिसलं आणि कोअरफाइलखाली "प्रेझेंट" आलं म्हणजे कर्नलपासून डिस्कपर्यंतचा रस्ता मोकळा. पण ही अर्धीच टेस्ट, कारण ही तुमच्या लॉगिनमधून झाली. खरी टेस्ट म्हणजे खऱ्या सर्व्हिसला मारणं. गाड्या नसताना, काट्यावरच्या माणसाला आधी सांगून,

सिस्टिमसीटीएल किल -एस सेग्व्ह काटा

आणि परत लिस्ट. माझ्या बाबतीत स्लीप पास झालं आणि काटा नापास झाला, लिमिटचा घोळ तिथंच पकडला.

लिस्टमध्ये "नन" आलं तर लिमिट शून्य किंवा साइझच्या हद्दीबाहेर. "ट्रंकेटेड" म्हणजे कापला. रेड हॅटवर साध्या पाथची पद्धत असेल आणि काहीच येत नसेल तर एसई लिनक्स (परवानग्यांवरचा जादा पहारा) आडवा येतोय का ते ऑडिट लॉगमध्ये बघा, त्याला बंद करून टाकायचा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका.

आलेला कोअर वाचायचा कसा

कोअरडंपसीटीएल इन्फो काटा
कोअरडंपसीटीएल डीबग काटा

पहिल्यानं गोषवारा मिळतो, दुसऱ्यानं थेट जीडीबी हा डीबगर उघडतो, जुन्या व्हर्जनात डीबगच्या जागी जीडीबी लिहा. नावानं शोधलं की शेवटचा क्रॅश धरतो, जुना पाहिजे तर पीआयडी द्या. आत गेल्यावर:

बीटी
थ्रेड अप्लाय ऑल बीटी
फ्रेम १
इन्फो लोकल्स

बीटी म्हणजे कोण कुणाला बोलवत इथवर आलं त्याची साखळी, शून्य नंबरची फ्रेम सगळ्यात आतली. शून्यावर सहसा सिस्टिमची लायब्ररी दिसते आणि लोक म्हणतात "लायब्ररीतच बग आहे". नसतो हो. तिला चुकीचा माल देणारा वरच्या फ्रेममध्ये बसलेला असतो, म्हणून फ्रेम १, फ्रेम २ असं वर चढत जा आणि प्रत्येक ठिकाणी लोकल्स बघा.

नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली तर बायनरीत सिम्बॉल्स, म्हणजे फंक्शन-व्हेरिएबलांची नावं, नाहीत. हे क्रॅशनंतर सुधारत नाही, आधीच करायचं असतं. कंपाइल करताना -जी द्या, ऑप्टिमायझेशन -ओ२ (ओ कॅपिटल) तसंच राहू दे, -जी नं प्रोग्रॅम हळू होत नाही, फक्त फाइल जाड होते. सर्व्हरवर जाड फाइल नको असेल तर ऑब्जकॉपी --ओन्ली-कीप-डीबग नं सिम्बॉल्स वेगळ्या फाइलीत काढा आणि ती फाइल जपून ठेवा, प्रत्येक रिलीजची. "तोच सोर्स परत बिल्ड करून घेऊ" हे चालत नाही, बिल्ड आयडी जुळायला लागतो, फाइल कमांडनं बायनरीचा बिल्ड आयडी दिसतो. सिस्टिमच्या लायब्ररींचे सिम्बॉल्स डीबगइन्फोडी या सिम्बॉल्स पुरवणाऱ्या सर्व्हरवरून जीडीबी स्वतः उतरवून घेऊ शकतो, इंटरनेट पाहिजे मात्र.

कोअर दुसऱ्या मशिनवर न्यायचा असेल तर

कोअरडंपसीटीएल -ओ काटा.कोअर डंप काटा

पण सोबत तीच बायनरी आणि त्याच लायब्ररी न्यायला लागतात, नाहीतर बीटी असंबद्ध दिसतो. मी शक्यतो सर्व्हरवरच जीडीबी टाकून बघतो.

आणि पाठवण्याआधी एक विचार करा. कोअर म्हणजे प्रोसेसची अख्खी मेमरी. डेटाबेसचा पासवर्ड, गिऱ्हाइकांची नावं, टोकन, सगळं साध्या अक्षरांत आत असतं, स्ट्रिंग्स कमांड मारली की वाचता येतं. व्हॉट्सॲपवर कोअर पाठवणारा माणूस मी डोळ्यांनी बघितलाय. एन्क्रिप्ट करून पाठवा, काम झालं की दोन्हीकडून उडवा.

डिस्क आणि वेळ

सर्व्हिस पडली, उठली, परत पडली असं चक्र लागलं तर प्रत्येक वेळी एक कोअर. सिस्टिमडी डीफॉल्टनं १० सेकंदांत ५ पेक्षा जास्त वेळा उठवत नाही, पण रीस्टार्टसेक ५ सेकंद वगैरे दिलं असेल तर ही मर्यादा कधी लागूच होत नाही आणि रात्रभर चक्र चालतं. मॅक्सयूज म्हणूनच लिहायचा. साध्या पाथच्या पद्धतीत कुणी आवरणारं नाही, तिथं /व्हार/कोअर्स वेगळ्या पार्टिशनवर ठेवा आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) फाइंडनं जुन्या फाइली उडवा.

दुसरं, कोअर पूर्ण लिहून होईपर्यंत प्रोसेस मरत नाही, आणि ती मरेपर्यंत नवी उठत नाही. ३० जीबीचा प्रोग्रॅम असेल तर मिनिटं जातात. डेटाबेससारख्या प्रोग्रॅमची मोठी शेअर्ड मेमरी कोअरमधून वगळता येते, /प्रॉक/पीआयडी/कोअरडंप_फिल्टर मध्ये आकडा असतो, डीफॉल्ट ३३ हेक्समध्ये, तिथं ०एक्स३१ (आधी शून्य आणि स्मॉल एक्स, म्हणजे हेक्समधला ३१) लिहिलं की शेअर्ड मेमरी गळते.

मेला नाही पण गोठलाय असा प्रोग्रॅम असेल तर जीडीबीसोबत येणारं जीकोअर वापरा, चालू प्रोसेसचा कोअर काढतं, क्षणभर थांबवतं आणि सोडून देतं. जावावाल्यांना एचएस_एरर नावाची फाइल आपोआप मिळते, आधी ती वाचा. गो मध्ये एन्व्हायर्नमेंटला गोट्रेसबॅक=क्रॅश दिल्याशिवाय पॅनिकचा कोअर निघत नाही, व्हेरिएबलचं नाव सगळं कॅपिटल आणि क्रॅश स्मॉल.

आमच्या काट्याचं काय झालं ते राहिलंच. सगळं लावल्यावर चौथ्या रात्री पडला, पहाटे सव्वातीनला, कोअर प्रेझेंट. फ्रेम शून्यावर मेमरी कॉपी करणारं फंक्शन, फ्रेम एकवर आमचाच पार्सर, आणि लोकल्समध्ये लेन्थ १८४४६७४४०७३७०९५५१६१५. हा आकडा दिसला की ओळखायचं, ६४ बिटच्या बिनचिन्हाच्या आकड्यातून कुणीतरी शून्याच्या खाली गेलंय. इंडिकेटरकडून वजनाची फ्रेम (ही वेगळी फ्रेम, बाइटांचा एक गठ्ठा) यायची, कोडमध्ये तिच्या लांबीतून डोक्याचे दोन बाइट वजा केलेले, आणि भट्टी चालू होताना लाइट लपकली की कधीतरी एकाच बाइटची तुटकी फ्रेम यायची. एकातून दोन गेले, उरले उणे एक. दोन ओळींची तपासणी टाकली, संपलं.

दुसऱ्या दिवशी काट्यावर जाऊन मामांना सांगितलं की सापडलं, भट्टीच्या झटक्यानं व्हायचं. ते पावत्यांचा गठ्ठा बांधत म्हणाले, "म्हंजे मी हात लावला नव्हता, हे मालकास्नी सांगा तेवढं."